आखाजीतला टप्प्याचा खेळ

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात खेळण्याला कोणी नावं ठेवत नाही. वर्षभर पत्त्याला हात न लावणारे म्हातारेसुद्धा त्या दिवसांत ओट्यावर डाव मांडून बसतात, बायका निंबाला दोर टाकून झोके घेतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. त्यामुळे आमच्या अक्काचे यजमान त्या वर्षी आखाजीला दोंडाईच्याला आमच्या घरी आले, आणि संध्याकाळी खिशातून आठ आण्याची अधेली काढून ‘चला, तुम्हाला एक नवा खेळ शिकवतो’ म्हणाले, तेव्हा त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मला तर आनंदच झाला. मी चौदा वर्षांची होते, आणि घरातल्या मोठ्या माणसानं मुलीला खेळायला शेजारी बसवून घ्यावं, ही गोष्ट आमच्याकडे रोज घडणारी नव्हती.

आमचे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, कापसाच्या जिनात कारकून होते. घर लहान, रस्त्याला लागून. पुढची खोली, मधलं स्वयंपाकघर, मागे अंगण आणि मोरी. गावात मिरचीचा मोठा व्यापार, खळ्यांवर मिरच्या वाळत पडलेल्या असायच्या. आम्हाला त्या वासाची जाणीवही नसे, पण पाहुणा स्टेशनवर उतरला की शिंकत शिंकत घरी यायचा. समोरच्या घरात पोलीस जमादार राहायचे. दारूबंदी लागू झाल्यापासून त्यांचा वचक फार वाढला होता. बाजाराच्या दिवशी डोंगराकडून येणाऱ्या माणसांची गाठोडी ते भर रस्त्यात सोडायला लावत. नानांना पोलीस, साहेब, कोर्ट, सरकारी शिक्का या सगळ्यांचीच भीती वाटे. जमादार ओट्यावर दिसले की ते चालता चालता नमस्कार करत आणि घरात आल्यावर आवाज खाली आणत. आई मात्र कधी घाईनं बोलली नाही, कधी मोठ्यानं बोलली नाही. ती शेतकऱ्याघरची, शेवटपर्यंत अहिराणीतच बोलली. नाना कचेरीमुळे शुद्ध बोलायचे. आम्ही मुलं दोन्ही बोलायचो.

अक्काचं, म्हणजे आमच्या सुशीचं, लग्न जळगावला झालं होतं. यजमान भास्करराव डाळीच्या गिरणीत हिशेब पाहायचे. त्याआधी ते देवळालीच्या छावणीत गोऱ्या सोल्जरांच्या खानावळीत नोकरीला होते. तिथून त्यांनी थोडं इंग्रजी आणलं होतं, सिगारेट धरायची ढब आणली होती, आणि हा खेळ आणला होता. दिसायला देखणे, कपडे कडक इस्त्रीचे. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. माझा भाऊ दिनू त्या वर्षी मॅट्रिकला बसला होता. निकाल लागला की त्याला गिरणीत चिकटवून देतो, असं दाजींनी कबूल केलं होतं, त्यामुळे दिनू त्यांच्या मागे मागे असे. दाजींचा आवाज कधी चढत नसे. हे मी तेव्हा त्यांच्या चांगुलपणात धरलं होतं.

अक्का त्यांच्या आधी आली होती. ती आली आणि आईनं तिचा हात धरून बांगड्या वर सरकवल्या, तर त्या कोपरापर्यंत गेल्या. आईनं विचारलं, “बठं बरं शे ना तुनं?”

“हो माय, बरं शे,” अक्का म्हणाली आणि हात काढून घेतला.

लग्नाआधी मांडे करावेत तर तिनंच. खापर पालथं घालून तापवायचं आणि पुरण भरलेला मांडा दोन्ही हातांवर झेलत झेलत असा वाढवायचा की आरपार दिसावं. त्या वर्षी तिच्या हातातला पहिला मांडा फाटला. दुसराही फाटला. आईनं अक्काला आमरस गाळायला बसवलं आणि मांडे स्वतःकडे घेतले. आता ऐंशी ओलांडल्यावर माझेही हात थरथरतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, तेव्हा मला अक्काचे ते हात आठवतात. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

तर खेळ असा. दाजींनी पुढच्या खोलीत नानांचं शिसवी मेज ओढून मधोमध घेतलं. त्यावर एक बुटका काचेचा पेला ठेवला आणि त्यात अर्ध्यापर्यंत कैरीचं पन्हं ओतलं. नाणं हवं ते जाड, गोल कडेचं. भोकाचा पैसा चालत नाही, आण्याची कड नागमोडी असते म्हणून तो कुठेही उडतो. रुपया किंवा अधेली उत्तम. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ती आडवी धरायची, मनगट सैल सोडायचं आणि पेल्याच्या अलीकडे वीतभर अंतरावर मेजावर आपटायची. तिनं एकच टप्पा घेऊन वर उडावं आणि पेल्यात पडावं. पडली, तर टाकणाऱ्यानं कोण पिणार ते सांगायचं, पण बोटानं नाही, कोपर दाखवून. चुकून बोट दाखवलं तर स्वतः प्यायचं. ज्याच्यावर कोपर रोखलं त्यानं पेला एका दमात रिकामा करायचा आणि तळाची अधेली दातात धरून बाहेर काढायची. नेम चुकला तर पाळी पुढच्याची. पण कोणाला पुन्हा एकदा टाकून पाहायची हौस असली आणि दुसऱ्यांदाही चुकलं, तर स्वतःच प्यायचं. आणि लागोपाठ तीन वेळा कोणी अधेली पेल्यात टाकली, तर त्याला एक नवा नियम करायचा हक्क. तो नियम सगळ्यांनी पाळायचा. मोडेल त्याला शिक्षा.

“शिक्षा काय?” मी विचारलं.

“ती ज्याची त्याला कळते,” दाजी म्हणाले आणि हसले.

आम्ही पन्हं पिऊन पोटं तट्ट फुगवून घेतली. माझी अधेली एकदाच पेल्यात पडली आणि मी दाजींवर कोपर रोखलं, तेव्हा त्यांनी पेला रिकामा करून अधेली दातात धरून मला दाखवली. दिनू हसून हसून भिंतीला टेकला. पाणी प्यायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेले, तर अक्का चुलीपाशी बसली होती. तिच्या हातात रसाचं फडकं होतं आणि रस तिच्या मनगटावरून खाली गळत होता. बाहेर अधेली मेजावर वाजली की तिचे खांदे वर जात आणि नाणं पेल्यात पडल्याचा आवाज आला की खाली येत. मी पाहतच राहिले. “अक्का, तू चल ना खेळायला,” मी म्हटलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला तहान लागली होती हे मी विसरले. आपण काहीतरी वाईट बोललो एवढं मला कळलं, पण काय, ते कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाजींचा एक मित्र आला. शांताराम त्याचं नाव, साक्रीकडचा. काखेत शेकायची रबरी पिशवी होती, पोटाला बांधतात तसली. पाठदुखीसाठी आहे म्हणाला. जेवणं नुकतीच झाली होती. रस आणि मांडे खाऊन नाना मागच्या अंगणात बाजेवर झोपले होते. ऊन इतकं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, फक्त गल्लीच्या टोकाला निंबाखाली बायकांची गाणी चालू होती. आईनं मला तळलेल्या कुरडयांचं ताट देऊन पुढच्या खोलीत पाठवलं. दार लोटलेलं होतं. आत गेले आणि वास आला. मोहाच्या फुलांचा, पण कुजल्यासारखा, डोक्यात जाणारा. मेजावर तोच पेला होता आणि त्यात पन्हं नव्हतं.

दाजी टाकत होते आणि अधेली पेल्यात पडत होती. प्रत्येक वेळी त्यांचं कोपर दिनूकडे वळत होतं. दिनूचा चेहरा पांढरा पडला होता, ओठांच्या कडा ओल्या होत्या. त्याला दातात अधेली धरता येईना, ती दोनदा घशाकडे गेली आणि त्यानं खोकून ती परत आणली.

“दाजी, आता पुरे,” तो म्हणाला.

“गिरणीत काम करायचंय ना? तिथं पुरे म्हणता येत नाही,” दाजी शांतपणे म्हणाले आणि शांतारामनं पिशवीचं बूच काढून पेला भरला. “लवकर. नियम आहे.”

मी ताट हातात धरून उभी होते. समोर जमादारांचं घर, खिडकी उघडी, आणि आमच्या घरात दारू. नानांची नोकरी, नानांच्या हातात बेड्या, सगळं एकाच वेळी डोळ्यांपुढे आलं. ओरडावं तर जमादार ऐकतील, न ओरडावं तर दिनूला काही होईल. मी वळले आणि स्वयंपाकघरात आले. आई अंगणात गेली होती. “अक्का,” एवढंच माझ्या तोंडून निघालं. अक्कानं मला काही विचारलं नाही. तिला वास आला असावा. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि बाहेर गेली. मी तिच्या मागे गेले.

अक्का मेजापाशी बसली. आमच्याकडे बायका नवऱ्यासमोर, परक्या माणसासमोर अशा बसत नाहीत. तिनं दाजींच्या पुढ्यातली अधेली उचलली.

“मी खेळते,” ती म्हणाली.

शांताराम हसला. दाजी हसले नाहीत. “आत जा,” ते म्हणाले.

“आखाजी आहे. माहेर आहे. खेळते,” अक्का म्हणाली आणि तिनं अधेली टाकली. एक टप्पा, आणि पेल्यात. तिनं कोपर वळवलं. दाजींकडे.

मित्र समोर, धाकटा मेव्हणा समोर; खेळाचा नियम त्यांनीच आम्हाला शिकवलेला. दाजींनी पेला उचलला आणि ते प्यायले. अक्कानं पुन्हा टाकली. पुन्हा पडली. तिचं अंग हलत नव्हतं, फक्त मनगट. मांडा झेलताना थरथरणारे ते हातच नव्हते. तिचा चेहरा मी कधी विसरले नाही. त्यात जिंकल्याचा आनंद नव्हता, राग नव्हता. रोज करून अंगवळणी पडलेलं काम माणूस करतो, तशी ती टाकत होती. मला तेव्हा समजलं. शब्द नंतर आले. इतका नेम एका दिवसात येत नाही. जळगावला, त्या घरात, ती हे रोज खेळत होती, आणि नेम चुकला तर काय होतं हे तिच्या हाताला ठाऊक होतं.

तिसऱ्यांदा अधेली पडली. दाजी प्यायले. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण आवाज तसाच होता. “झाल्या तीन. कर नियम,” ते म्हणाले.

“दिनूनं प्यायचं नाही,” अक्का म्हणाली.

दिनू भिंतीच्या आधारानं उठला, मोरीपर्यंत गेला आणि तिथं त्याला उलट्या झाल्या. त्या आवाजानं आई धावत मोरीत गेली आणि अंगणात नाना जागे झाले. इकडे अक्का थांबली नव्हती. पुन्हा तीन. शांतारामच्या तोंडावरचं हसू कधीच गेलं होतं, तो पेला भरताना सांडत होता. दाजींना मेजाची कड धरावी लागली.

“आणखी एक नियम आहे,” अक्का म्हणाली. “मला हात लावायचा नाही.”

दाजींनी मेजावरून वाकून तिच्या तोंडात मारली. ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. पेला खाली पडून फुटला. अक्कानं गालाला हात लावला नाही, ती तशीच बसून राहिली; सवय असलेलं माणूस बसतं तशी. आणि स्वयंपाकघराच्या दारात नाना उभे होते.

बाहेरची गाणी थांबली होती. पेला फुटल्याचा आवाज निंबापर्यंत गेला असणार. नाना आधी अक्काकडे बघत होते, मग उघड्या खिडकीकडे, मग पुन्हा अक्काकडे. “शांतारामभाऊ, तुम्ही निघा,” ते म्हणाले. शांताराम चपला हातात घेऊन मागच्या अंगणातून गेला. मग नाना म्हणाले, “भास्करराव, संध्याकाळच्या गाडीला मी तुम्हाला पोचवतो. सुशी येणार नाही.”

“बोलवा ना पोलिसांना,” दाजी हळूच म्हणाले. “समोरच तर आहेत. दारू कोणाच्या घरात सापडेल? तुमच्या. आत कोण जाईल? तुम्ही. तिला माझ्याबरोबर पाठवा, म्हणजे काही झालंच नाही.”

नाना खाली बसले. तेवढ्यात आई मोरीतून आली. तिनं खोलीत एकदा पाहिलं, रबरी पिशवी उचलली, मोरीत नेऊन रिकामी केली आणि वर घागरीभर पाणी ओतलं. पण वास कुठे जाणार? मोरीचं पाणी रस्त्याकडेच्या गटारात, म्हणजे थेट जमादारांच्या दारासमोर. आई क्षणभर थांबली. मग ती चुलीपाशी गेली, शेगडीत निखारे घेतले आणि डब्यातल्या सुक्या मिरच्या मूठ भरून त्यावर टाकल्या. आणखी एक मूठ टाकली. शेगडी घेऊन ती पुढच्या खोलीत आली आणि अक्कासमोर बसली.

धूर घरात मावेना. आम्ही सगळे खोकत होतो, डोळ्यांतून पाणी येत होतं. दारावर थाप पडली. मला वाटलं, आता संपलं. आईनं स्वतः उठून दार उघडलं. जमादार होते, तोंडाला उपरणं लावलेलं.

“काय चाली राह्यनं वहिनी? गल्लीमा उभं राहता येस नही.”

“पोरनी दृष्ट काढी राह्यनू,” आई म्हणाली. “आखाजीले उनी, तशी आजारीच शे.”

जमादारांनी आत डोकावून पाहिलं. त्यांनी दाजींना पाहिलं, फुटलेल्या काचा पाहिल्या, आणि मग अक्काच्या गालावर बोटं उठली होती ती पाहिली. बराच वेळ पाहिली. त्यांना काय कळलं, काय नाही, मला आजवर सांगता येणार नाही. “इतका ठसका येस, म्हणजे दृष्ट नही लागेल,” ते म्हणाले. दृष्ट लागलेली असली की ठसका येत नाही, असं मानतात. “दुसरं काही व्हई. जपा पोरले.” आणि शिंकत निघून गेले.

संध्याकाळी नाना दाजींना स्टेशनवर घेऊन गेले. जाताना दाजींनी आईला वाकून नमस्कार केला आणि मला पेपरमिंटच्या गोळ्या दिल्या. मी त्या ओंजळीत धरून उभी राहिले, टाकायचंही भान नव्हतं. रात्रभर दिनूच्या उशाशी आई बसून होती. सकाळी त्यानं ताक मागितलं तेव्हा ती उठली.

लोकांना वाटतं, माणूस घराबाहेर गेला की त्याची भीतीही जाते. आमच्या घरी ती त्या दिवसापासून राहायला आली. जळगाव-भुसावळकडून गाडी आली की आई दाराला कडी लावायची आणि स्टेशनवरची माणसं गल्लीतून पांगेपर्यंत काढायची नाही. नाना जिनातून येताना दोनदा मागे वळून पाहत. अक्का थोडं थोडं बोलायला लागली, तेही मला एकटीला, धान्य निवडताना. जळगावला रोज संध्याकाळी मेज मांडलं जाई. ती चुकली तर तिनं प्यायचं. नाही प्यायली तर नाक दाबून पाजत. नेम बसायला लागला तेव्हा दाजींनी पेला लांब ठेवायला सुरुवात केली. हे सांगताना ती खडे बाजूला काढत होती, आणि मी सुपाकडे बघत होते, तिच्याकडे बघायची माझी छाती नव्हती.

आषाढाच्या आधी ते आले. दाजी, त्यांचे वडील, आणि चुलता. दाजींच्या वडिलांना सगळे आबा म्हणत. पांढरी टोपी, गळ्यात माळ, गावात मान असलेलं माणूस. पुढच्या खोलीत घोंगडी घातली, चहा दिला. आबा फार गोड बोलले. पोरं आहेत, रागाच्या भरात होतं, घरची लक्ष्मी घरी बरी. चुलत्यानं हळूच पोलिसांचा विषय काढला, त्या दिवशी कोणाच्या घरात काय होतं, त्याचा. नानांनी हातातली बशी खाली ठेवली.

“मुलीलाच विचारू,” ते म्हणाले. “ती जाते म्हणाली तर मी अडवणार नाही. नाही म्हणाली, तर तुम्ही खुशाल समोर जाऊन सांगा. जमादार घरीच आहेत.”

मी दाराआड होते. नानांच्या तोंडून हे शब्द निघाले यावर माझा विश्वास बसेना. अक्का आतून आली आणि चौकटीपाशी उभी राहिली. दाजी तिच्याकडे बघत होते, तेच शांत डोळे. तिचा रंग उडाला. मला वाटलं, ती आता हो म्हणेल.

“चल बेटा,” आबा म्हणाले. “मी आहे ना घरात. माझ्यावर विश्वास ठेव.”

अक्कानं आबांकडे पाहिलं. मग ती म्हणाली, “आबा, तुम्ही तेव्हाही घरातच होता. बाहेर ओट्यावर माळ ओढत बसायचा. मी हाक मारली की आतून कडी लावून घे, असं सांगायचा यांना.”

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. त्यांनी नानांकडे पाहिलं नाही, मुलाकडेही नाही. ते उठले आणि बाहेर पडले, आणि ते उठले म्हणून चुलता उठला. सगळ्यात शेवटी दाजी उठले. दारात ते थांबले, अक्काकडे वळून म्हणाले, “मी येईन.” मग तेही गेले. समोर जमादारांच्या घराकडे कोणी वळलं नाही.

पुढे अक्का धुळ्याला दवाखान्यात नर्सचं काम शिकली, आयुष्यभर तिथंच राहिली, आणि दाजी काही परत आले नाहीत. पण हे आज सांगता येतं. त्या संध्याकाळी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. नाना दारात उभे राहिले होते. जळगावकडची गाडी स्टेशनातून सुटल्याचा आवाज आला, दूर गेला, तरी ते उभेच. आईनं आत दिवा लावला. अक्का घोंगडीवर बसली होती, चहाच्या बशा अजून तशाच पडल्या होत्या.

“नाना,” तिनं विचारलं, “तिकडून यायला आता पुढची गाडी कधी?”

“सकाळी,” नाना म्हणाले.

“मग आज झोपू,” ती म्हणाली, आणि तिथंच घोंगडीवर आडवी झाली. आईनं तिच्या अंगावर लुगडं घातलं तेव्हा तिला झोप लागलेली होती.